अर्धा तांब्या

लातूर जिल्हा नवानवाच झाला होता. कार्यालयात टेबलं आली होती, माणसं यायची होती. म्हणून मुखेडच्या पंचायत समितीतून माझी उचलबांगडी झाली आणि मी तिकडं रुजू झालो. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. गावोगाव फिरायचं आणि कुठं टँकर लागतो, कुठं नाही, याचा अहवाल द्यायचा, एवढंच माझं काम. या कामात शिव्या फुकट मिळतात. एकाच्या दारी टँकर गेला की दुसऱ्याच्या दारी आपण राक्षस. मला त्याचं फारसं काही वाटत नसे. शेतकऱ्याच्या घरातला मी, कातडी लहानपणापासून जाड.

जळकोटकडच्या एका गावाबद्दल मी लिहिलं की गावठाणातल्या विहिरीला अजून पाणी आहे, तेव्हा टँकर ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत उभा करावा. तिथला हातपंप कोरडा पडला होता. गावाचं म्हणणं, टँकर विहिरीतच ओता, म्हणजे सगळ्यांना मिळेल. त्या ‘सगळ्यां’त वस्तीचा नंबर कितवा लागतो, हे मला ठाऊक होतं. माझ्या स्वतःच्या गावात मी तेच बघत वाढलो होतो.

टँकर वस्तीत जायला लागला, तशी चावडीपुढं सभा भरली. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळं एक पुढारी जीपमधून आले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, “या साहेबाच्या छातीत काळीज न्हाई, दगड हाय.” टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो, पण खरं सांगायचं तर आतून खूष होतो. गरिबाची बाजू घेतली की असं ऐकून घ्यावंच लागतं, असं काहीबाही मनात चाललं होतं. एका गोष्टीची मात्र वाट बघत होतो. वस्तीतलं कुणीतरी उठेल आणि म्हणेल, याच साहेबानं आम्हाला पाणी दिलं. वस्तीतली दहा-बारा माणसं मागं बसली होती. कुणी उठलं नाही.

मला राग आला, चांगलाच आला. दोन दिवसांनी टँकरची चौकशी करायचं निमित्त काढून वस्तीत गेलो. पहिल्या खेपेला ज्या म्हातारीच्या दारात बसून माहिती लिहून घेतली होती, तिच्याच दारात जाऊन बसलो. तुमच्यापायी मी चार लोकांत एवढं ऐकून घेतलं, तुमच्यातून एक शब्द निघू नये, असं तिला विचारलं.

ती म्हणाली, “साहेब, पयल्या दिशी म्या तांब्या भरून आनला. तुमी हात बी लावला न्हाई. आन हितनं उठून पाटलाकडं च्या पिलाव. समद्या वस्तीनं बघितलं.”

खरं होतं. हिच्या घरात उणीपुरी एक घागर, ती कशाला कमी करा, म्हणून मी नको म्हटलं होतं. पाटलांकडं पाण्याला तोटा नव्हता, म्हणून तिथं प्यालो. पण आमच्या भागात दारी आलेल्यापुढं आधी पाणी येतं आणि त्यानं ते घ्यायचं असतं. वस्तीत कुणी नको म्हटलं तर त्याचा अर्थ एकच निघतो, आणि तो त्यांना पिढ्यान्पिढ्या पाठ आहे. मला हे माहीत नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? खरंच फक्त पाणी वाचावं म्हणूनच नको म्हटलं होतं का, असं मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर चटकन आलं नाही, त्याची फार लाज वाटली. पुढाऱ्याचा दगड मला लागला नव्हता. हा लागला.

मी पाणी मागितलं.

टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. तिनं आत जाऊन घागर तिरकी केली. अर्धा तांब्या भरला. मला वरून प्यायची सवय. तांब्या उचलला, क्षणभर तसाच धरला, आणि मग खाली आणून तोंडाला लावला. दोन-तीन घोट झाले असतील.

“समदं नका पिऊ,” ती म्हणाली. “नातीला ठिवा थोडं.”

मी तांब्या परत केला. तिनं तो तसाच नातीच्या हातात दिला.