न वापरलेला ओलावा

गावाजवळच्या एका राइस मिलचा प्रोग्राम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. धान खरेदीचे दिवस, पावती निघायला वेळ लागायचा, आणि मालकाचा फोन सारखा वाजायचा. "लवकर करा न, ट्रॅक्टर उभे आहेत."

कोड उघडला आणि माझं डोकंच फिरलं. वजन, कपात, भाव, पावती, सगळं एकाच लांबलचक मेथडमध्ये कोंबलेलं. ज्यानं लिहिलं त्याला समोर बसवून हे वाचायला लावावं असं वाटलं. दातओठ खात मी एकेक काम तोडून छोट्या मेथडमध्ये नेऊ लागलो. मग एडिटरने एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायची जागा, न वापरलेलं म्हणून फिकट करून दाखवलं. ओलाव्याचं. धानाला मीटर लावला की त्यावरचा आकडा त्यात भरला जायचा, आणि पुढे कुठेच वापरला जायचा नाही. ओलाव्याची कपात सगळ्यांना सरसकट सारखीच होती.

मी मालकाला फोन लावला. "हा आकडा तं तुमी कशातच धरत नाही."

"काढून टाका मंग."

"मंग मीटर कायले लावता?"

"लोकाइले दिसाले पायजे न," तो म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा माझं बोट डिलीटच्या बटणावर होतं. बाहेर अंगणात बाबा उन्हात पसरलेला धान पायानं उलटवत होते. तो त्याच मिलवर न्यायचा होता.

"आणखी एक ऊन देऊ," ते मला म्हणाले, "म्हणजे मीटरवर आकडा कमी येईन."