मुळशीत मुरलेला पुएर: सहा वाट्या आणि एक दुरुस्ती

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोघे सरांचा मेसेज आला. "शनिवारी ये. नाक घेऊन ये. सहा नमुने आहेत."

माझी पहिली नोकरी एका चहा कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. सर तिथे चव-चाचणीचे प्रमुख होते. दिवसाला पन्नास-साठ वाट्या चहा तोंडात घेऊन थुंकायचा आणि प्रत्येकाबद्दल लिहायचं, हे काम मला त्यांनी शिकवलं. आता मी हिंजवडीत सेन्सर कॅलिब्रेट करते आणि माणमध्ये एका घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. सर निवृत्त झाल्यावर मुळशीच्या जलाशयाकाठी घर बांधून राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला आणि त्यात वासाची जाणीव गेली. ती परत आली नाही.

दुसरा मेसेज मोठा होता. "ज्याला वास येत नाही त्याने पुएर साठवू नये. पावसाळ्यात कुठली चकती बिघडली हे मला आता कळत नाही. तुझ्या कागदावरून ठरवणार. भरवसा ठेवण्यासारखं काही उरलं नसेल तर सगळं बंद करून नाशिकला मुलीकडे जातो."

मी "येते" एवढंच कळवलं.

पुएर ज्यांनी प्यायलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा चीनच्या युन्नान प्रांतातला चहा. पाने वाफवून, दाबून भाकरीएवढी चकती करतात आणि वर्षानुवर्षे ठेवून देतात. कच्चा पुएर हळूहळू मुरतो. पक्का पुएर कारखान्यातच ओल देऊन, ढीग लावून मुरवलेला असतो. दोन्ही प्रकार एकत्र करून मिश्रणंही करतात. मुरण्यासाठी हवेत दमटपणा लागतो, पण दमटपणा जास्त झाला की बुरशी धरते. या दोहोंमधलं अंतर फार कमी आहे. शिवाय हा चहा शेजारचा कुठलाही वास ओढून घेतो. माझ्या माणच्या खोलीखाली रोज सकाळी लसणाची फोडणी होते, म्हणून मी घरी पुएर ठेवत नाही.

शनिवारी सव्वासहाला स्कूटर काढली. घरमालकीण सुनंदाकाकू अंगण झाडत होत्या.

"कुटं निघालीस एवढ्या सकाळी?"

"मुळशीला. चहा प्यायला."

"हितं चहा मिळत न्हाई व्हय? तीन टपऱ्या हायेत कोपऱ्यावर."

"चिनी चहा आहे, काकू. वीस वर्षांचा."

"वीस वर्सं?" त्यांनी झाडू थांबवला. "आन् तू पिणार? इंजिनिअर झालीस तरी अक्कल न्हाई आली."

माणहून घोटावडे आणि तिथून पौड रस्ता, असा मार्ग घेतला. माण ते घोटावडे रस्त्यावर सिमेंटचे मिक्सर असतात, त्यामुळे सातच्या आत निघालेलं बरं. पौडला मिसळ खाल्ली. ऐंशी रुपये, रस्सा तिखट, पाव ताजा. चाचणीच्या दिवशी मी तिखट खायला नको होतं. हे मला अर्धी मिसळ संपल्यावर आठवलं. मग दोन ग्लास साधं पाणी आणि एक केळं. पौडच्या पुढे रस्ता चांगला आहे, पण वळणांवर खडी पसरलेली असते. भाताची कापणी झाली होती, खाचरांत नुसते बुडखे उरले होते. धरणाच्या भिंतीपासून पुढे एका बाजूला सतत पाणी दिसत राहतं. पेट्रोल पंप पौडनंतर शोधत बसू नका, आधीच भरून घ्या. सरांच्या गावाचं नाव देत नाही, कारण त्यांना पाहुणे आवडत नाहीत. माझ्या स्कूटरवर एका बाजूचे त्रेचाळीस किलोमीटर झाले.

दार ठकूबाईंनी उघडलं. त्या शेजारच्या वाडीतल्या. सरांचं घर, स्वयंपाक आणि अलीकडे सरांचा बराचसा दिवस त्याच सांभाळतात.

"ताई, तोंड धुवा आदी. मिसळीचा वास येतुया तुमच्या अंगाला."

मी तोंड धुतलं. आतून सर म्हणाले, "मिसळ? आज?"

"सॉरी, सर."

"मला काय, मला येत नाही. स्वतःलाच सॉरी म्हण."

चाचणीची पद्धत कंपनीतलीच होती. ठकूबाई आत स्वयंपाकघरात प्रत्येक नमुना तोलून घेणार, पाच ग्रॅमला शंभर मिलिलिटर उकळतं पाणी, पहिलं पाणी फेकून द्यायचं, दुसरं झाकणाच्या वाटीत आणायचं. वाटीखाली फक्त आकडा. कुठला आकडा कुठल्या चकतीचा, हे ठकूबाईंच्या वहीत. सर आणि मी समोरासमोर बसणार, दोघांकडे छापील कागद. रंग, वास, चव, घशातला परिणाम, टिपण आणि शेवटी तीनपैकी एका शब्दाला गोल: ठेवा, थांबा, नाकारा. सहाही वाट्या होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. नंतर कागदांची अदलाबदल. आधी लिहायचं, मग बोलायचं. कंपनीत या नियमामुळे मला सुरुवातीला फार बरं वाटायचं. बोलायला लागत नव्हतं.

पहिली वाटी पक्क्या पुएरची होती. काळसर लाल, बिटासारखी गोडी, स्वच्छ. ठेवा. दुसरी कच्च्याची, अजून तरुण, जिभेच्या कडांना कडू, मागून गोड. ठेवा. तिसरी पक्की, पातळ, दोष नाही आणि गुणही नाही. ठेवा, पण मी स्वतः विकत घेणार नाही.

चौथ्या वाटीचं झाकण उचललं. बंद कपाटाचा वास आला आणि त्याच्या खालून बुरशीचा. शंका घ्यायला जागा नव्हती. पण त्याही खाली, अगदी तळाशी, जुन्या कच्च्या पुएरला येतो तसा कापूर होता, आणि तो कापूर माझ्या ओळखीचा होता.

सरांकडे एक जुनी कच्ची चकती आहे. ती सरांनी आणि त्यांच्या पत्नीने युन्नानमधल्या कुनमिंगच्या बाजारात दोन दिवस घासाघीस करून निवडली होती. त्या वारल्यापासून सर ती वर्षातून एकदाच काढतात. मी कंपनी सोडली त्या दिवशी त्यांनी मला तिची एक वाटी दिली होती.

मी पेन उचललं. वासाला दहापैकी सहा दिले. टिपणात लिहिलं: "किंचित मातकट; वाऱ्यावर ठेवल्यास सुधारेल." "ठेवा"ला गोल केला. असा कागद दुसऱ्या कुणाचा माझ्या टेबलावर आला असता, तर मी नमुना परत मागवला असता आणि लिहिणाऱ्यालाही बोलावलं असतं.

पाचवी वाटी मिश्रणाची होती, जुना कच्चा आणि पक्का. वाटीतून सरळ धुराचा वास आला. चुलीचा, लाकडाचा. पण खाली चहा जिवंत होता, जाड, गुळगुळीत. "धूर स्पष्ट. ठेवा." सहावीतही धूर, कमी. ठेवा.

कागद बदलले.

सरांच्या कागदावर वासाचे सहाही रकाने रिकामे होते, त्यांवर सरळ आडव्या रेघा. चौथ्यापुढे त्यांच्या बारीक अक्षरात: "रंग उत्तम. जाडी उत्तम. गिळल्यावर घसा धरतो, कोरडा पडतो, लगेच पाणी मागतो. साठवणीचा दोष. नाकारा."

सर माझा कागद वाचत होते. त्यांचं बोट चौथ्या ओळीवर थांबलं.

"ओळखलीस?"

"हो."

"कधी?"

"झाकण उचलल्यावर."

"आणि मग लिहिलंस."

"हो."

"क्रम चुकला." त्यांनी चष्मा काढला. "नाक गेलंय माझं. घसा नाही गेला. बुरशी आहे ना?"

"आहे."

"किती?"

"पिऊ नये इतकी."

"आणि मी तुझ्या कागदावर विसंबून ती पीत राहिलो असतो."

 

स्वयंपाकघराच्या दारातून ठकूबाई म्हणाल्या, "म्या दिवाळीच्या आदीच सांगितलं व्हतं. कपाटात नगा ठिवू म्हून."

"तुम्ही गप्प बसा, ठकूबाई."

"गप बसून बसून तर ही गत झाली त्याची."

सरांनी पान उलटलं आणि पाचव्या ओळीवर आले. "धूर? कसला धूर? माझ्या कोठीत धूर कुठून आला?"

ठकूबाई पदर खोचून पुढे आल्या.

"माळ्यावर ठिवलं व्हतं. आषाढात भिंतीला वल आली तवा. चुलीच्या वरच्या माळ्यावर."

"चहा? माळ्यावर?"

"मग बियाणाचं भात कुटं ठिवतो आमी? माळ्यावरच. धुरानं किडा लागत न्हाई, बुरशी येत न्हाई. तुमच्या चहाला काय सोनं लागलंय? दोन डबं वर नेलं, तीन चांगलं वाटलं ते हितंच ऱ्हाऊ दिलं. हर सोमवारी झाकण काढून वास घेते म्या. त्यो कपाटातला तेवडा मागितला, तर तुमी हात लावू दिला न्हाई."

सर शिडी चढत नाहीत, गुडघा चालत नाही. त्यांना धुराचा वास येत नाही. पूर्ण पावसाळा त्यांचा चहा त्यांच्या डोक्यावर चुलीच्या धुरात होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

"धूर हा दोष असतो, ठकूबाई," सर म्हणाले. "पुस्तकात दोष म्हणून दिलाय."

"मग प्या की दोष. बुरशीपरीस बरा हाय."

मी हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तेही हसले, पण थोडंच. चौथी वाटी त्यांनी उचलली, नाकापाशी नेली, बराच वेळ तशीच धरली आणि मोरीत ओतली.

जेवायला आंबेमोहोराचा भात, कुळथाचं पिठलं आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. जेवताना सरांनी निकाल सांगितला, कंपनीत सांगायचे त्याच आवाजात. चकती खड्ड्यात जाईल, खताबरोबर. बाकीचे पाच राहतील. दर सोमवारी वास ठकूबाई घेतील, घसा सर तपासतील आणि दोघं एकाच वहीत लिहितील. नाशिक तूर्त नाही.

"तुझ्या नाकापेक्षा यांचं नाक कामाचं," ते मला म्हणाले. "यांना माझी पर्वा नाही."

"पर्वा हाय म्हून तर सांगते," ठकूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात अजून भात वाढला.

निघताना सरांनी माझा कागद परत दिला, आणि त्याबरोबर फॉइलमध्ये गुंडाळलेला एक तुकडा.

"चौथा नमुना. घरी जाऊन पुन्हा वास घे. पिऊ नकोस. आणि कागद दुरुस्त कर. खाडाखोड नको."

"एक रेघ, बाजूला सही, तारीख."

"आठवतंय म्हणजे."

तीनला निघाले. शनिवारी दुपारी पुण्याकडून ताम्हिणीला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते, पण उलट दिशेला रस्ता मोकळा मिळतो. वाटेत कुठे थांबले नाही. साडेचारच्या सुमारास माणला पोचले. एकूण खर्च पेट्रोलसकट चारशेच्या आत. चहाचे पैसे सर घेत नाहीत.

सुनंदाकाकू जिन्याच्या पायरीवर मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसून फॉइल उघडलं.

"ह्यो त्यो वीस वर्सांचा?"

"हो. बघा वास घेऊन."

त्यांनी तुकडा नाकाशी नेला आणि लगेच लांब केला. "शी! भिजलेल्या गोणपाटाचा वास मारतोय. कुजलाय त्यो. टाक."

यात दोन सेकंद गेले असतील. मीही वास घेतला. भिजलेलं गोणपाट, दुसरं काही नाही. कापूर आता मलाही आला नाही. कदाचित उघड्यावर उडाला असेल, कदाचित सकाळी मी तो शोधत होते.

कागद गुडघ्यावर ठेवला. "किंचित मातकट, वाऱ्यावर ठेवल्यास सुधारेल" यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं: "भिजलेलं गोणपाट. कुजलेला." सहाच्या जागी शून्य. "ठेवा"च्या गोलावर रेघ, "नाकारा"ला गोल. सही, तारीख. फोटो काढून सरांना पाठवला.

काही जणांनी मला विचारलंय की मुळशीसारख्या पावसाच्या भागात पुएर साठवता येतो का. येतो. जाळीचं कपाट, जमिनीपासून उंची आणि पावसाळ्यात कोरडी हवा एवढं लागतं. आणि घरात असं एक माणूस लागतं, जे झाकण उघडून जे आहे ते सांगेल. ही शेवटची अट मी यादीत आधी धरली नव्हती.

सरांचं उत्तर रविवारी सकाळी आलं. "शब्द तुझे नाहीत. कोण म्हणालं?"

"घरमालकीण."

"त्यांचीही सही घे."

मी खाली गेले. काकूंनी आधी विचारलं की ही जमिनीची कागदपत्रं तर नाहीत ना. नाहीत म्हटल्यावर पूर्ण कागद वाचला, माझी रेघ मारलेली ओळ दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.