दुर्बिणीतली हरणी
वेलचीच्या कहव्याचा वास आला की आखातातल्या सहम गावामागच्या डोंगरातली ती दुपार आठवते. थंडी नुकतीच सुरू झाली होती, तरी दगड तापलेले होते. बाभळीवरच्या मचाणावर बंदूक घेऊन माझा अर्बाब, म्हणजे मालक, शेजारी दुर्बीण धरून मी, आणि खाली झाडाशी रत्नागिरीचे ड्रायव्हरचाचा. शिकारीला बंदी आहे, असं मी सकाळी म्हटलं होतं. "मला कायदा शिकवतोस? मग व्हिसाही तूच काढ," असं म्हणून अर्बाब हसला होता; माझा व्हिसा त्याच्याच हातात होता. चारच्या सुमाराला वादीच्या, म्हणजे पावसातच वाहणाऱ्या ओढ्याच्या, कोरड्या पात्रात हरणी आली, मागे पाडस. अर्बाबची नजर अधू, माझ्या इशाऱ्याशिवाय त्याला नेम धरता येत नव्हता. "दिसतंय काही?" त्याने विचारलं. घरी रोज म्हटलेलं पंचशील आठवलं: पहिलं जीव न घेण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. "काही नाही, अर्बाब," मी म्हणालो. हरणी पाडसाला घेऊन सावकाश चढण चढून गेली. खाली उतरल्यावर चाचा कानाशी पुटपुटले, "डोळे तपासून घे हां बाबा. मला म्हाताऱ्याला दोन दिसली." अर्बाबला मात्र ते काही बोलले नाहीत. आज मी चळवळीच्या पत्रकांमध्ये सत्याबद्दल तावातावाने लिहितो. त्या खोट्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती अर्बाबच्या तोंडावर 'मारू नका' म्हणायची हिंमत झाली नाही, याची.