चौथीतली ती एक

दक्षिण कोरियातल्या थोंगयोंगच्या बंदराकाठच्या शाळेत मीरान बाईंना कुणी कधी पुरस्कार दिला नाही, आणि आता निवृत्तीनंतर कुणी देईल अशी चिन्हंही नाहीत. म्हणून निदान इथे तरी सांगून टाकलेलं बरं.

बाई शाळेच्या समुपदेशक. मोबाइलवरच्या खेळांनी कुणाला गिळलंय का, हे हुडकायला दर वसंतात चौथीकडून पंधरा प्रश्नांचा कागद भरून घ्यायचा, हे त्यांचं काम. त्या वर्षी तेवीसच्या तेवीस पोरांनी 'कधीच नाही'वर खुणा केल्या. मुख्याध्यापक कू सर हरखून गेले.

"शून्य! अख्ख्या जिल्ह्यात असं कुणाचं नाही. करा सही, बाई."

"सर, जेवताना ही पोरं खेळांशिवाय दुसरं बोलत नाहीत. 'हो'वर खूण केली की घरी चिठ्ठी जाते हे कळतं त्यांना, म्हणून शून्य."

"तुम्हाला ना, चांगलं काही बघवतच नाही!"

बाईंनी सही केली नाही. स्वभावच तसा, एकदा नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाच सागरगोटे काढले. रोज जेवणाच्या सुट्टीआधी एकेका पोराला खोलीत बोलवायचं, जमिनीवर बसून डाव मांडायचा आणि खेळता खेळता तेच पंधरा प्रश्न विचारायचे. हात गुंतले की जीभ सैल सुटते, हे त्यांचं शास्त्र. कुठल्या पुस्तकात ते नव्हतं. बावीस पोरं हरली, "बाई, रडीचा डाव खेळता!" म्हणून चिडली आणि जेवणाची घंटा होताच ताटाकडे पळाली. मोबाइलवर खेळत सगळीच होती, पण ठीक होती.

तेविसावी मेंग ये-जू. वर्गाची उपप्रमुख, अक्षर मोत्यासारखं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घंटा झाली. जेवणात तळलेलं चिकन होतं, तरी पोरगी जागची हलेना.

"एकच डाव, बाई."

"अगं, जेवण?"

"एकच!"

असे नऊ 'एकच' झाल्यावर बाईंनी सागरगोटे मुठीत घेतले, तशी ती ओक्साबोक्शी रडू लागली. मग सगळं बाहेर आलं. आई पहाटे चारला कालवांचे शिंपले फोडायला बंदरावरच्या शेडवर जाते. तेव्हापासून शाळा भरेपर्यंत ये-जू मोबाइलवर.

"तिथे माझी तीस जणांची टोळी आहे, बाई. मी आले की सगळे म्हणतात, सरदार आल्या!"

"आणि इथे?"

"इथे मी आलेलं कुणाला कळतही नाही."

उपचार सुरू करायला आईची सही हवी होती. आईने फोनवरच झिडकारलं, "माझ्या पोरीला डाग लावू नका."

बाई पहाटे शेडवर गेल्या, हातमोजे चढवले आणि सुरी घेऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांची आईही कालवंच फोडायची. हात विसरला नव्हता.

"ये-जूची आई, लहानपणी पहाटे मीही घरात एकटीच असायचे. तेव्हा मोबाइल कुठला? भिंतीपाशी बसून सागरगोटे खेळायचे. शाळेला कितीदा उशीर झाला, तरी कुणी विचारलं नाही गं मला."

 बादली भरल्यावर ये-जूच्या आईने मोजा काढला, हात पुसला आणि सही केली.

जूनच्या पालकसभेत कू सरांनी पडेल आवाजात सांगितलं, यंदा चौथीत एक मूल सापडलं. लगेच कुजबुज सुरू झाली. "कुणाचं असेल गं?" "कुणास ठाऊक, लक्ष नसेल घरच्यांचं."

मागच्या रांगेतून ये-जूची आई उठली. अंगाला कालवांचा वास तसाच होता.

"माझं. पोरीला विचारूनच सांगतेय. आता मी उशिराची पाळी घेतलीय. सकाळी आम्ही दोघी सागरगोटे खेळतो आणि रोज मीच हरते. माझी सापडली, मला अभिमान आहे तिचा. तुमची कुणी शोधली का?"

 मीरान बाई दाराशी उभ्या होत्या. अशा बाईच्या शेजारी उभं राहून आपण कालवं फोडली, याचा त्यांना एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. घरी निघताना तीन आयांनी त्यांना जिन्यात गाठलं.

"बाई," एकीने हळूच विचारलं, "आमचा पाचवीत आहे. त्याच्याशी एक डाव मांडाल का?"