सोन्याच्या इंजेक्शनसाठी आईची भरती

दोष आप्पाकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ऐकताना तुम्ही माझ्याकडे बघून हसणार, आणि तुमच्या चहाबरोबर एकट्याने खारी बिस्कीट व्हायची माझी तयारी नाही. हसायचं तर दोघांना हसा. पण आधी त्यांना.

आप्पाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. गिरणीत जॉबर होते. जॉबर म्हणजे कामगारांची भरती करायची आणि मग त्यांच्याच डोक्यावर बसायचं. गिरणी बंद पडली, डोकी गेली, बसायची सवय राहिली. मग ते घाटकोपरला आमच्या खोलीत येऊन आमच्या डोक्यावर बसले. बाबा मुलुंडच्या कंपनीत डबल पाळी करायचे, म्हणजे घरी होतो आम्ही तिघं: काका, आई आणि कॉलेज सोडलेला मी. मी तेव्हा जगावर चिडलेला होतो. त्याला कामधंदा लागत नाही, ते एक बरं.

आईला संधिवात. म्हाताऱ्यांची गुडघेदुखी नव्हे हां! हा वेगळा. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. सकाळी उठली की बोटं लाकडाची. स्टोव्हला पंप मारायचा तर दोन्ही तळहात टेकून मारायची. आणि विचारा, "आई, कशी आहेस?" "बरी आहे." आमच्याकडे बायका तापाने फणफणल्या तरी बऱ्याच असतात.

शेवटी मीच तिला हॉस्पिटलात नेलं. तिथे गुरुवारी संधिवाताची खास ओपीडी. एका टेबलाला चार जण. एक डॉक्टर. एक व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपी बाई. एक हातांना स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, बांधणाऱ्या आणि घरकाम हात न दुखवता कसं करायचं ते शिकवणाऱ्या बाई. आणि एक समाजसेविका, घरचं सगळं विचारणारी. चौघं मिळून एका पेशंटचं ठरवणार. अशी चैन आमच्या घराण्यात कुणी केली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, गोळ्यांनी भागत नाहीये. सोन्याची इंजेक्शनं देऊन बघू. पुढच्या गुरुवारी आम्ही चौघं तुम्हाला एकत्र तपासू आणि ठरवू. आणि मधे घेत होता ती नाक्यावरच्या डॉक्टरची पुडी परत घ्यायची नाही. सूज झटक्यात उतरवते, पण आतून हाडं पोखरते."

आम्ही घरी आलो आणि मी गाढवासारखं सगळं काकांना सांगितलं.

काका ताडकन उठून बसले. "सोन्याचा इंजेक्शन? खऱ्या सोन्याचा?"

"त्यात सोन्याचा क्षार असतो म्हणे."

"आणि चार जण बसून ठरवतले?"

"हो."

"मगे ही भरती आसा रे!" काकांनी मांडीवर थाप मारली. चिडले किंवा खूश झाले की काका मालवणीत शिरतात. "सोना कोणाक घालतले? जो टिकतलो तेका! मी इतकी वर्सां माणसां घेतलंय. वाकड्या हाताच्या माणसाक गिरणीत साच्यावर, मागावर, कोण उभो करता? काय रे विल्या?"

आता सांगा, मी शिकलेला. अर्धवट का होईना, पण शिकलेला. मी म्हणायला हवं होतं की काका, हे हॉस्पिटल आहे, इथे आजारी माणसालाच घेतात. पण त्याच महिन्यात मी एका कारकुनाच्या जागेसाठी असल्याच एका टेबलासमोर बसून आलो होतो. तिथेही चार जण. त्यांनी मला 'कळवू' म्हणून कटवलं होतं. चार जण टेबलामागे दिसले की माझं डोकं बंद पडायचं. मला काकांचं म्हणणं पटलं! आयुष्यात पहिल्यांदा पटलं, तेही नेमकं तेव्हाच.

मग आमची तयारी सुरू. काका खाटेवर बसून आईची परीक्षा घ्यायचे. "सुमन, मूठ वळ. वळ गो, अजून वळ!" आई ओठ दाबून मूठ वळायची. मी बाजूला मास्तर. "आई, विचारलं सकाळी हात आखडतो का, तर काय सांगशील?"

"थोडा आखडतो."

"झालं! वाट लागली! अगं, मुळीच नाही म्हणायचं!"

"पण डॉक्टरला खोटं..."

"तू आम्हाला रोज 'बरी आहे' सांगतेस, ते काय खरं असतं?"

यावर ती परत मूठ वळायला लागली. मला वाटलं, काय झकास तोंड बंद केलं!

पण नुसत्या पाठांतराने सूज जात नाही. तेव्हा पुढची अक्कल माझी. काकांची नाही, माझी. सोमवारी मी नाक्यावर गेलो आणि त्या पुड्या घेऊन आलो. गुरुवारपर्यंत आईची बोटं अशी सडसडीत झाली की काका म्हणाले, "बघ, मनात आणल्यान तर!"

गुरुवारी आईला गणपतीतलं लुगडं नेसवलं. कित्येक महिन्यांनी हातात बांगड्या चढल्या. शेजारणीने विचारलं, "विलासला मुलगी बघायला चाललात का?" इतकी नटवली होती! काका रिक्षात पुढच्या बाजूला ड्रायव्हरला चिकटून बसले, वाटभर सूचना देत.

काकांना बाहेर बाकावर बसवलं. आत आम्ही दोघं. चौघं टेबलामागे.

स्प्लिंटवाल्या बाईंनी दोन बोटं पुढे केली. "मावशी, दाबा बघू."

आईने दाबली. बाई म्हणाल्या, "आई गं!"

माझी छाती फुगली.

"उकिडवं बसता येतं?" आई बसली, उठली. "चालून दाखवा." चालली. व्यायामवाल्या बाई डॉक्टरकडे बघायला लागल्या.

"सकाळी हात आखडतात?"

"मुळीच नाही."

"घरचं काम?"

"सगळं मीच करते हो. पाणी भरते, धुणं पिळते, पाट्यावर वाटण वाटते." आईला आता रंग चढला होता. "भाऊजींना मिक्सरचं वाटण चालत नाही."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "वा! छानच की. मावशी, मग तुम्हाला इंजेक्शनची गरजच नाही. मी यादीतून नाव काढतो. बाहेर फार वाईट अवस्थेतल्या बायका थांबल्यात."

"काढता? अहो, पास झाली ना ती!" मी ओरडलो.

"कशात पास?"

काय सांगू? बाहेरून काकांचं खाकरणं ऐकू आलं. मग माझा बांध फुटला. "ती खोटं बोलतेय! तिला सकाळी केस विंचरता येत नाहीत! ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत! कपबशी धरली तर बशी वाजते!"

"विलास, गप रे!" आईने पदर तोंडाला लावला. "चारचौघांत काय अब्रू काढतोस!"

"आणि ही आजची ताकद?" डॉक्टरांनी विचारलं.

मी खिशातून उरलेली पुडी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उघडली, बघितली, आणि माझ्याकडे असं बघितलं की कारकुनाच्या जागेवाले चौघं मला देवमाणसं वाटले.

"गाढवा," ते शांतपणे म्हणाले, "आता हिचा सांधा खरा कुठला आणि पुडीचा कुठला, हे मी कसं ओळखू? हा असर उतरल्यावर परत सगळ्या तपासण्या. मग इंजेक्शन."

तेवढ्यात समाजसेविका आईला म्हणाल्या, "मावशी, हात असे असताना पाणी, धुणं, वाटण खरंच तुम्हीच करता?"

"मग कोण करणार?"

त्या माझ्याकडे वळल्या. "तू काय करतोस?"

"मी... सध्या घरीच असतो."

"घरी काय करतोस?"

कारकुनाच्या जागेसाठी मला देशाची राजधानी विचारली होती. ती आली होती. हे आलं नाही.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिथल्या तिथे ठरवलं. माझं मत कुणी विचारलं नाही. स्प्लिंटवाल्या बाई म्हणाल्या, "आमच्या टीमला घरात एक माणूस लागतोच. हा चालेल." व्यायामवाल्या बाईंनी माझे पंजे उलटेसुलटे करून बघितले. "हात चांगले आहेत. वापरलेले नाहीत."

मी बाहेर आलो. काका उठले. "काय रे, घेतल्यानी?"

"घेतलं."

"कोणाक?"

"मला."

आईचं इंजेक्शन सुरू झालं ते पुडीपायी उशिराच. तेवढ्या वेळात तिची उजवी करंगळी वाकडी झाली, ती तशीच राहिली. बाकीची बोटं वाचली. मी रात्री तिला स्प्लिंट बांधतो, सकाळी व्यायाम करून घेतो. पाणी, धुणं, भाकरी आणि पाट्यावरचं वाटण माझ्याकडे. वाटण जाडसर राहिलं की काका ताट सरकवतात. सुट्टी नाही.