एक वाढलेला आसा

दहा वर्षांच्या लेकीचे पाय पंधरा दिवस दुखत होते, म्हणून डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला सांगितलं. लॅबवाल्या बाईंचा फोन आला, "रिपोर्ट मोबाईलवर पाठवलंय. बाकी सगळा बरा आसा, एक वाढलेला आसा." काय वाढलंय ते विचारेपर्यंत बाईंनी फोन ठेवलासुद्धा.

रिपोर्ट उघडला. अल्कलाईन फॉस्फटेज. जीभ वळेल तर शपथ. आकडा ठळक काळा, शेजारी छापलेल्या मर्यादेच्या तिप्पट. मी कसली गप्प बसते, नेटवर शोधलं. आधी लिव्हर निघालं, मग हाडांचे आजार, आणि खाली हाडांचा कॅन्सर.

डॉक्टर बाहेरगावी, दोन दिवसांनी यायचे. लेकीला काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. तिला मागेल ते करून घातलं, अभ्यासावरून एकदाही ओरडले नाही. राग काढला तो नवऱ्यावर. बिचारा एवढंच म्हणाला होता की, आधी डॉक्टरांना विचारूया.

तिसऱ्या दिवशी मिठबावहून एसटीने तळेऱ्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, लेकीचे पाय दाबून पाहिले, तिला चालवलं आणि शुद्ध मराठीत सुरू केलं, "असं आहे बघा, ही पातळी वयानुसार..."

"डॉक्टर, फिरवून सांगू नकात. माझ्या चेडवाक काय झाला हा?"

ते हसले. "गो बाय, चेडू वाढता हा, म्हणान ता वाढला हा."

कागदावर छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती. मुलांची हाडं वाढत असतात, त्यांचा आकडा एवढा असतोच. पाय दुखतात ते दिवसभर हुंदडून, संध्याकाळी तेल चोळा म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. त्या लॅबवाल्या बाईंना, नेटला आणि स्वतःलाही मी मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

तेवढ्यात लेक डॉक्टरांना म्हणाली, "म्हणजे माझो पाय कापूचो लागाचो नाय?"

माझ्या मोबाईलवर मी शोधलेलं सगळं तिने पहिल्याच दिवशी वाचलं होतं.

"मगे माका कित्याक सांगलंस नाय गो?" मी विचारलं.

"तू घाबरशीत म्हणान."