सुंठीची साल

अंजना जेवायची तीही ताट हातात घेऊन, भट्टीपाशी उभी राहून. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तर तिचा पाय घरात ठरेना. कोरेगावजवळच्या मळ्यात तांब्याचा हंडा चुलाणावर चढवून तिनं सुंठीचं तेल काढायला घेतलं होतं आणि तीन घाणे लागोपाठ फसले होते. हंडाभर सुंठीमागं बाटलीत तेल जेमतेम दोन बोटं. चार बोटं तरी निघायला हवं, असं सांगलीच्या व्यापाऱ्यानं बजावलं होतं.

"ह्यो शेवटचा घाणा," नवरा, आप्पासो, म्हणाला. "न्हाई जमलं तर हंडा मोडीत घालणार."

"घाला की," सासू हरणाबाई म्हणाली. "त्या हंड्यापायी रोज भाकरी करपती."

"करपलेल्या बी दोन खाताच की, आत्या," म्हणत अंजना बाहेर पडली.

जाळ वाढवून झाला, कमी करून झाला. झाकण कणकेनं दोनदा लिंपलं, नळीभोवतीचं पाणी सारखं बदललं. मग चुकतंय कुठं? सुंठ तर तिच्या हातची. आलं शिंपल्यानं खरवडून पांढरंशुभ्र वाळवायचं, हे तिचं माहेरचं कसब. तेलात मळ उतरू नये म्हणून या खेपेला तिनं अधिकच खोल खरवडलं होतं.

वाळलेल्या सालींची पाटी उकिरड्यावर टाकायला तिनं उचलली, तसा वास नाकात चढून डोळ्यांत पाणी आलं. सोललेल्या सुंठीला असा वास नव्हता. तिनं एक साल चावली, एक सुंठ चावली. पुन्हा साल चावली. मग तशीच धावत परत आली आणि पाटी हंड्यातल्या सुंठीवर पालथी केली.

"अगं, उकिरडा शिजवतीस व्हय?" हरणाबाई ओरडली.

"व्हय. वाडू का तुमास्नी?"

जाळ लागला. नळीतून थेंब सुरू झाले. आप्पासो बाटलीसमोर उकिडवा बसला. अंजना विहिरीपर्यंत जाई, परत येई. पाण्यावर पिवळसर तेल चढू लागलं. दोन बोटं. तीन. उन्हं कलताना आप्पासोनं चौथं बोट टेकवलं, तरी वर तेल उरलंच.

"ऱ्हाऊ दे हंडा," तो हळूच म्हणाला.

"म्हंजी इतकी वर्सं आमी उकिरड्याला तेल पाजलं व्हय गं?" हरणाबाईनं विचारलं.

उत्तर द्यायला अंजना होती कुठं? ती पोतं घेऊन शेजारच्या मळ्यातल्या उकिरड्यावर पडलेल्या सालींकडं निघाली होती.